मुंजाजीमामांचा गुलदस्ता

परभणीतल्या आमच्या पहिल्या सकाळी मी दार उघडलं, तर उंबऱ्यावर एक पितळी तांब्या होता आणि त्यातून पेरू उगवले होते.

उगवले होते असंच म्हणावं लागेल. तुरीच्या वाळक्या काटक्यांचे पाच देठ, प्रत्येक देठावर एक पेरू, आणि प्रत्येक पेरूची कमळासारखी पाकळीन् पाकळी सुटी केलेली. पोटात डाळिंबाचे दाणे. मधोमध केळ्याच्या चकत्यांची शेवंती आणि भोवती मोसंबीच्या फोडी, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. मी वाकून आधी वास घेतला, मग मागे सरले, मग पुन्हा वाकले. समोरच्या ओट्यावर एक गृहस्थ बसले होते. खाली धोतर, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. ते माझ्याकडे पापणी न हलवता पाहत होते. मी हसावं की दार लावावं, मला कळेना. मी दार लावलं.

आईला बोलावलं. आईने दार पुन्हा उघडून सगळा प्रकार नीट पाहिला.

"देवाचं आहे का गं हे?"

"मला काय माहीत?"

"असो नसो. कुंकू वाहिलेलं बरं," असं म्हणून तिने तांब्या उचलला, देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि पेरूंना हळदकुंकू लावलं. दुपारपर्यंत केळी काळी पडली. संध्याकाळी नवा प्रश्न उभा राहिला, की आता हे निर्माल्य समजायचं की नाही, आणि समजायचं तर टाकायचं कुठे. आम्ही मायलेकी त्यावर वाद घालत असतानाच दारात खाकरण्याचा आवाज आला. शेरवानीवाले गृहस्थ होते. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"खाल्ला न्हाई?"

"काय?" मी विचारलं.

"गुलदस्ता."

"खायचा होता?"

"मग काय करायचा होता?"

"आम्हाला समजलं नाही हो," आई म्हणाली.

"समजू नका माय, खावा," ते म्हणाले, आणि तांब्या घेऊन निघून गेले.

हे मुंजाजीमामा. पुढे त्यांचं हे "समजू नका, खावा" मी इतक्यांदा ऐकलं, की शाळेत व्याकरण शिकवताना मुली भांबावल्या म्हणजे ते माझ्याही तोंडावर येऊ लागलं.

मराठवाडा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. मी मूळची नगरकडची. परभणीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले होते, आणि मुलीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून आई सोबत आली होती. आम्हाला वाटलं होतं, मराठीच मुलूख आहे, अडचण काय येणार? पहिला महिनाभर मला निम्मं बोलणं कळत नव्हतं. फायलीला कोणी मिसल म्हणे, अर्जाला दरख्वास्त म्हणे. शेजारीण "तुमी काय करायलाव?" म्हणजे 'काय करताय?' असं विचारी, तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मी आठवत बसे. अशा त्या गोंधळात मुंजाजीमामा म्हणजे गोंधळाचं मूळपीठच.

मामा निजामी अमदानीत कचेरीत मोहर्रिर होते, म्हणजे लिहिणारे कारकून. येलदरीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातला शिकलेला पहिला माणूस. सगळी गल्ली सांगे, की मामांच्या हातचा अर्ज असला तर साहेब आधी अक्षर पाहायचा आणि मग मजकूर. राज्य बदललं, कचेरीचं कामकाज बदललं आणि मामा वेळेआधीच घरी बसले. बायको पूर्वीच वारली होती. एकुलती लेक प्रयाग, ती सोनपेठला दिलेली. भाऊ गावाकडून पेरू पाठवी. बाकीची फळं मामा बाजारातून आणत, आणि त्या एका खोलीच्या घरात बसून त्यांचे गुलदस्ते करत.

आमची ओळख वाढल्यावर मी एकदा ते काम बघायला गेले. भल्या सकाळची वेळ. मामा शेरवानी घालूनच बसले होते.

"घरात कशाला शेरवानी?" मी विचारलं.

"कामावर हाय ना मी."

पुढ्यात मीठ-लिंबाच्या पाण्याची परात, शेजारी बाभळीच्या काट्यांची वाटी. फळाला फळ जोडायला ते काटे वापरत. आणि हातात बोरू तासायचा एवढासा चाकू. तो चाकू पेरूवर असा फिरे, की पेरूला कापल्याचं कळतही नसावं. काम करता करता प्रत्येक फळाचा स्वभाव सांगणं चालू होतं.

"पेरू पिकलेला घ्यायचा न्हाई, नुसता रंग धरायलेला घ्यायचा. पपई भोळी हाय, कसंबी कापा, ऐकतीय. मोसंबी लय भांडखोर, रस डोळ्यात मारतीय. आन् केळ सगळ्यात शेवटाला. ते बेईमान हाय. पाठ फिरवली की काळं."

"हे शिकलात कुठे?"

"शिकायचं काय त्यात? हात रिकामा राहिना," ते म्हणाले, आणि पपईची एक पाकळी उजेडाकडे धरून पाहू लागले.

गुलदस्ता कोणाला द्यायचा, याचा मामांचा काही नियम होता, पण तो मला कधी सापडला नाही. गावात कोणी नवीन आलं की त्याला नक्की. बाकी लग्न, बारसं, बदली, बढती, कशावरही. आणि ज्याला मिळे तो आमच्यासारखाच चक्रावे. आमच्या हेडबाईंनी तो फुलदाणीत पाणी घालून चार दिवस टेबलावर ठेवला, आणि मग ऑफिसात चिलटांमुळे बसवेना. बाजारातल्या एका कापडवाल्याने तो काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. एका लग्नात कोणीतरी तो नवरदेवाच्याच हातात दिला. खाली ठेवावा तर अपशकुन होईल की काय या भीतीने त्या बिचाऱ्याने पाच मंगलाष्टकं तो तसाच धरला. मोसंबीचा रस कोपरापर्यंत ओघळला आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीला पहिल्यांदा दिसली ती नवऱ्याच्या बाहीवरची माश्यांची रांग. मामा मांडवाच्या खांबामागून दोन्ही हातांनी खुणा करत होते, खा, खा म्हणून. त्या खुणा नवरदेवाला कशा कळणार?

दर पंधरवड्याला एक गुलदस्ता लेकीला जाई. मामा तो वेताच्या टोपलीत ओल्या फडक्यात बसवून स्टेशनवर नेत. गार्डाच्या डब्यातून तो गंगाखेडला उतरे, तिथून मोटारीने सोनपेठला. पोचेपर्यंत त्याचं काय होत असेल, याची कल्पना मला होती आणि मामांनाही असावी. एकदा तर टोपली चुकून दुसऱ्याच गाडीत चढली आणि पिंगळीला उतरली. तिथल्या स्टेशनमास्तरांना वाटलं, वरून कोणी बडा साहेब येणार आहे आणि त्याच्या स्वागताचं हे सामान पुढे आलं आहे. त्यांनी फलाट झाडून घेतला, टोपी घालून दोन गाड्या उभे राहून पाहिल्या, आणि साहेब काही उतरेना तेव्हा टोपली परत परभणीला पाठवून दिली.

ती परत आलेली टोपली उघडताना मी मामांना विचारलं, "सोबत दोन ओळींचं पत्र का नाही टाकत? म्हणजे चुकलं तरी कळेल कोणाचं आहे ते."

चिखल झालेल्या मोसंबीच्या फोडी मामा एक एक करून बाजूला काढत राहिले. त्यांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं.

मग नवे तहसीलदार आले, आणि भानामतीचं प्रकरण झालं.

हे तहसीलदार कोकणातले. त्यांच्या पत्नीला इकडे यायच्या आधीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं, की मराठवाड्यात भानामती फार. कपडे आपोआप पेटतात, अंगावर फुल्या उमटतात. बाई आल्या त्याच धास्तीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं, तर उंबऱ्यावर काळं मडकं. मामांचे तांबे त्या आठवड्यात सगळे वाटले गेले होते म्हणून मडकं. मडक्याच्या तोंडाशी मोठं पिवळं लिंबू, त्यात चहूबाजूंनी बाभळीचे काटे खुपसलेले, काट्यांच्या टोकांवर डाळिंबाचे लालभडक दाणे, आणि मागे टरबुजाचा गर कापून केलेली जास्वंद. मामांच्या मते तो सूर्योदय होता.

बाईंनी जी किंकाळी फोडली ती आमच्या गल्लीपर्यंत आली. मी आणि आई धावत गेलो तेव्हा बंगल्यापुढे गर्दी जमली होती. शिपाई मडक्याला हात लावायला तयार नव्हता. कोणीतरी देवऋषी आणला होता आणि तो डोळे मिटून सांगत होता, की हे तिघांचं काम आहे, त्यात एक बाई आहे. आई माझ्यामागे सरकली. जमादार वही घेऊन उभा होता. तहसीलदार सुशिक्षित गृहस्थ. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण आतून बायकोचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यांना नेमकं कोणावर चिडावं ते समजत नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मुंजाजीमामा आले. शेरवानी, धोतर आणि चेहऱ्यावर कौतुक ऐकायला आलेल्या माणसाचं हसू.

"हे कोणी ठेवलं?" तहसीलदार गरजले.

"मी, साहेब."

"तुम्ही केलंत हे?"

"व्हय. माझ्या हातचं हाय."

गर्दी एक पाऊल मागे झाली. जमादाराने पेन्सिलीला थुंकी लावली.

"का केलंत?"

"तुमी नवीन आलात म्हणून. जो नवीन येतो त्याला मी करतोच."

"प्रत्येकाला?"

"तुमच्या आधीच्या साहेबालाबी केलं होतं."

"मग त्यांचं काय झालं?"

"झाली की बदली. चांगल्या जागी."

आतून रडण्याचा आवाज वाढला. मी पुढे होऊन काही सांगणार, तर माझ्या तोंडून नीट वाक्यच निघेना. पेरू, कमळ, हळदकुंकू असलं काहीतरी मी बोलले आणि जमादाराने तेही लिहून घेतलं. शेवटी मला एकच सुचलं. मी वाकले, टरबुजाच्या जास्वंदीची एक पाकळी काट्यावरून काढली आणि खाल्ली.

सगळे मी कधी पडते ते पाहत होते.

"गोड आहे," मी म्हणाले.

आईने धीर केला. तिनेही एक पाकळी घेतली, चावली, विचार केला. "थोडं मीठ हवं होतं," ती म्हणाली.

"टरबुजाला मीठ लावलं तर पाणी सुटतं माय," मामा कळवळून म्हणाले.

तिथे पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग शिपायाने एक दाणा चाखला. देवऋषी हळूच निघून गेला. तहसीलदारांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण वर्दी गेली आहे, कागद रंगवावा लागेल. तुम्ही लेखी जबाब द्या, की हे केवळ स्वागतासाठी होतं. सही करा आणि जा."

आणि इथे मामांचं हसू गेलं.

"जबानी घ्या, साहेब."

"दोन ओळी लिहा फक्त."

"मी सांगतो ना तोंडानं. लिहून देणार न्हाई."

"का?"

मामा शेरवानीचं बटण चाचपू लागले. पुन्हा विचारलं, पुन्हा बटणच. ज्या माणसाने सगळं हसत हसत कबूल केलं होतं, तो दोन ओळी लिहायला का नाकारतो, हे कोणालाच कळेना. गर्दीत परत कुजबुज सुरू झाली. काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय का? मला तर राग आला. एवढं सोडवत आणलं होतं आणि हा माणूस नको तिथे हट्टाला पेटला होता.

"मी लिहिते," मी म्हणाले आणि जमादाराच्या वहीतल्या कागदावर मजकूर लिहिला. "मामा, सही तरी करा."

शिपायाने आतून आणलेला टाक मामांनी हातात घेतला. उजवीकडून सुरुवात केली, आणि एका झटक्यात कागदावर एक वेल उमटली. किती सुंदर ती सही! वळणं, टिंबं, शेवटी एक लांब झोका. तहसीलदारांनी कागद सरळ पाहिला, फिरवून पाहिला.

"हे काय आहे?"

"माझं नाव," मामा म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं असेल.

घरी येताना ते आमच्यापुढे दहा पावलं चालत होते. एकदाही मागे वळले नाहीत. माझ्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नव्हतं, हे मला आज सांगायला लाज वाटते. भाषेची शिक्षिका होते मी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आमच्याकडे आले. हातात तांब्या नव्हता. शेरवानीची दोन बटणं उघडी होती आणि आत काहीतरी चौकोनी लपवलेलं होतं. बराच वेळ ते आईशी पावसापाण्याचं बोलले. आई चहा करायला आत गेली तशी त्यांनी ते बाहेर काढलं. पाटी होती. नवी कोरी, कडेला बाजाराची धूळ.

"बाई," ते म्हणाले, "तुमी पोरींना क, का, कि शिकविता. मला शिकविता का?"

मी पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"आमच्या वक्ताला शाळा उर्दूची होती. बावीस वर्षं लिहिलं. लोकांच्या दरख्वास्ती लिहिल्या, लोकांची पत्रं वाचून दाखविली. बाया रडायच्या माझ्यापुढं बसून, इतकं चांगलं वाचायचो. मराठी बोलतो, पण अक्षर म्हणाल तर... मला वाचता येत न्हाई, बाई. एकबी अक्षर."

"मग आजवर कोणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मुन्शी म्हणतात मला."

मग त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून एक पुडकं काढलं. आंतर्देशीय पत्रं आणि कार्डं, दोऱ्याने बांधलेली. अकरा होती. कार्डं हाताळून मऊ झाली होती, पत्रं फोडलेलीसुद्धा नव्हती.

"प्रयागची हायत. दोन वर्षं झाली. सोनपेठला बायांचा वर्ग निघाला, तिथं शिकली ती, तिकडून आलेला माणूस सांगत होता. मी तिला काई शिकविलं न्हाई, बाई. म्हणलं, पोरीला उर्दू शिकवून काय करायचं? आता ती लिहायलीय आन् मी अडाणी."

"मी वाचून दाखवू?" मी हात पुढे केला.

त्यांनी पुडकं मागे घेतलं. "न्हाई. लेकीनं मला लिहिलंय."

"तुम्ही तिला भेटायला गेला नाहीत?"

"गेलो तर विचारील, बाबा, पत्र पोचलं का, कसं लिहिलंय. काय सांगू? तिला वाटतं, बाप जगातली समदी अक्षरं जाणतो." मग ते म्हणाले, "म्हणून फळं धाडतो. काईतरी हातचं जावं."

दोन वर्षं. गंगाखेडपर्यंत गाडी, पुढे मोटार, इतक्या जवळची लेक, आणि हा माणूस तिच्यासमोर जाऊ शकत नव्हता. प्रयागलाही येता येत नव्हतं. सासू अंथरुणाला खिळलेली होती.

शिकवणी सुरू झाली. इतका हुशार आणि इतका त्रासदायक विद्यार्थी मला कधी मिळाला नाही. पाटीवर ते उजवीकडून सुरू करत. 'कमल' लिहा म्हटलं की 'लमक' लिहीत आणि मीच उलटं वाचते आहे असं त्यांचं म्हणणं पडे. वेलांटीला असे झोके देत की ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. ऱ्हस्व-दीर्घावर त्यांचा विश्वासच नव्हता. "तोंडानं म्हणताना कोण मोजतंय?" पाटीवरचं अक्षर वळेना तेव्हा त्यांनी चाकू काढला आणि पपईच्या सालीवर कोरायला बसले. तिथे मात्र जमलं. पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे मुळाक्षरं कोरलेली पपई येत होती. आई त्या फोडी ताटात वाढताना विचारायची, "तुला ठ देऊ की ढ?" माझा त्यात फार गोंधळ उडायचा, कारण मामांचे ते दोन्ही सारखेच दिसत.

चार महिन्यांनी एका रविवारी त्यांनी दोरा सोडला. पहिलं पत्र वर होतं. ते मांडीवर ठेवून, ओळीवर बोट धरून मामांनी सुरुवात केली.

"ती... र्थ... रूप बाबांस..." इथवर आले आणि अडले. पुढचा शब्द 'शिरसाष्टांग' होता. वर्गात शिकवल्याप्रमाणे पोरीने थेट शिरसाष्टांग नमस्कार घातला होता.

"लेकीनं दारातच अडवलं की मला," मामा म्हणाले. मी सांगू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. तो एक शब्द वाचायला त्यांना चहा निवेपर्यंत वेळ लागला. मग पुढचं वाक्य आलं. "बाबा, मी लिहायला शिकले. हे सगळं मी स्वतः लिहिलं आहे." ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. अडलं म्हणून नाही.

रोज एक पत्र, असं त्यांनी ठरवलं. वाचायला आमच्याकडेच येत, पण मी फक्त शेजारी बसायचं, बोलायचं नाही. पत्रांत शेताचं होतं, गाय व्यायल्याचं होतं. एकात लिहिलं होतं, "गुलदस्ता पोचला. येईपर्यंत सगळ्याचं पंचामृत झालं होतं, पण सासूबाईंना दात नाहीत, त्यांना फार बरं पडलं. त्या आता वाट बघतात." यावर मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेले. चष्मा ते वापरत नसत.

अकरावं पत्र कार्ड होतं. चारच ओळी. मामा आता बरंच भराभर वाचत होते.

"बाबा, तुम्ही येत नाही आणि एक अक्षर लिहीत नाही. माझ्या लिहिण्यातल्या चुका बघून तुम्हाला राग आला असेल. तुमचं अक्षर सगळ्या कचेरीत नावाजलेलं. म्हणून आता मी लिहीत नाही. राग गेला की कळवा."

मामांनी कार्ड खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. इतका गोंधळलेला चेहरा मी गुलदस्ता मिळालेल्या कोणाचाही पाहिला नव्हता.

"राग? माझा राग?" ते म्हणाले. "तिचा मला राग?"

त्यांनी कार्ड पुन्हा उचललं.

"बाई, चुका हायत का ह्याच्यात?"

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या हातात. त्यात एक वेलांटी चुकली होती आणि 'चुका' या शब्दातला चु दीर्घ होता.

"एकही नाही," मी म्हणाले.

"पहिल्यापासून शाणीच हाय ती," मामा म्हणाले.

उत्तर लिहायला त्यांनी तीन कार्डं घालवली. पहिल्यावर सवयीने उजवीकडून सुरुवात झाली. दुसऱ्यावर अक्षरं इतकी मोठी आली, की 'प्रयाग' एवढ्यातच कार्ड भरलं. तिसऱ्यावर शाई सांडली. चौथं लिहून झाल्यावर त्यांनी ते मला दाखवलं. अक्षर पहिलीतल्या मुलाचं होतं. लिहिलं होतं, "प्रयाग, मला वाचता येत नव्हतं. आता येतं. मी येतो."

"पेटीत टाकून येऊ?" मी विचारलं.

"कशाला? मीच जायलोय की सकाळी. हातात देतो."

सकाळी मी आणि आई त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. शेरवानी धुऊन घेतलेली होती आणि कार्ड वरच्या खिशात होतं, अर्धं बाहेर डोकावणारं. फळाची टोपली नव्हती. "ध्यान लागंना दोन दिवसांपासून. पेरू कापायला गेलो तर बोटच कापलं," असं म्हणून त्यांनी चिंधी बांधलेलं बोट दाखवलं. आईने त्यांना शिदोरी दिली. गाडीला वेळ होता. मामांना बाकावर बसवेना. ते फलाटाच्या टोकाशी गेले आणि तिथे गावाच्या नावाच्या पाटीसमोर मान वर करून उभे राहिले. तीस वर्षं ते या स्टेशनवर ये-जा करत होते.

मी जवळ गेले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. चिंधीचं बोट हवेत एकेका अक्षराखालून सरकत होतं.

"प... र... भ... णी." मग ते माझ्याकडे वळले. "सोपं गाव हाय की हो, बाई."